बनी तो बनी, नहीं तो परभणी

आमच्या गावाविषयी दोन म्हणी आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आम्ही पाहुण्यांना सांगतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही पाहुणे आम्हाला ऐकवतात. यातली खरी कोणती, याचा माझ्यापुरता निकाल एका दसऱ्याला लागला.

वडिलांनी १९७८ साली घेतलेली बुलेट वारसाहक्काने माझ्याकडे आली. वडील दर रविवारी तिच्यावरून कृषी विद्यापीठाच्या फाटकापर्यंत चक्कर मारीत. परत आले की गाडी मोठ्या स्टँडवर सरळ उभी करीत, इंजिनाचे झाकण उघडीत, तेल मोजायची काडी फडक्याने पुसून पुन्हा आत बुडवीत आणि उजेडात धरून पाहत. आई चहा घेऊन उभी.

"निवतोय हो."

"आधी हिला बघू दे."

ही 'ही' आमच्या आईची आयुष्यभराची सवत. चक्कर ही वडिलांची निव्वळ हौस, असेच आम्ही समजत होतो.

दसऱ्याला वाहनाची पूजा. पावसाळाभर गाडी जागची हललेली नव्हती. मी काडी बुडवली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली! मोठ्या कर्तव्यबुद्धीने अर्धा लिटर ओतले. हार घातला, नारळ फोडला आणि किक मारली. इंजिन धडधडले, आणि थोड्याच वेळात हवेच्या नळीतून काळ्या तेलाची धार सुटली, ती थेट बायकोच्या रांगोळीवर. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी गाडी ढकलीत मेस्त्रीकडे जातो.

उस्ताद हसले. "साब, तेल कम नहीं था. नीचे उतरा था."

या जुन्या बुलेटची तेलाची टाकी इंजिनाच्या पोटातच, पण निराळ्या कप्प्यात. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल पाझरून क्रँकच्या घरात उतरते आणि काडी कोरडी दिसते. इंजिन चालले की पंप ते पुन्हा टाकीत चढवतो. म्हणजे आधी चक्कर, मग काडी! हौस कसली, ते शास्त्र होते.

आता आलोच आहे तर तेलही बदलू, म्हणून उस्तादांनी खालचे बोल्ट सोडले. "गरम असतानाच काढायचं सायेब, म्हणजे गाळ संगं निघतो." काळेभोर तेल घमेल्यात पडत होते. मी विचारले, "चकरीनंतर लगेच नाही मोजलं, तर?"

"पाच मिनटांत काय उतरतंय? तास लागतेत, दिवस लागतेत."

म्हणजे वडिलांना चहा आधी घेता आला असता! घरी येऊन मोठ्या उत्साहाने आईला सांगितले, "अगं, बाबांनी तुझा चहा उगाच निववला!"

आई वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं रे. कढत चहा सोसायचा नाही त्यांना. मला तसं म्हणवत नव्हतं, एवढंच."