वैलावरचं पाणी

आमच्या साताऱ्याकडच्या घरात मातीची चूल होती आणि तिच्या डाव्या अंगाला वैल. ज्यांनी स्वयंपाक गॅसच्या शेगडीवरच पाहिला त्यांच्यासाठी सांगायला हवं: वैल म्हणजे चुलीला आतून भोकानं जोडलेली धाकटी चूल. वैलात सरपण घालत नाहीत. थोरल्या चुलीतला जाळ भाकरीचा तवा तापवून पुढे सरकतो आणि वैलाच्या तोंडातून वर येतो. त्यावर आजी आमटीचं पातेलं ठेवायची. आमटी उकळली की दुधाचं, आणि सगळं उरकल्यावर भांडी घासायच्या पाण्याचं. हा क्रम कधी बदलत नसे. शेवटी उरलेले निखारे ती राखेत पुरायची आणि पहाटे राख बाजूला सारून त्याच विस्तवावर चूल पुन्हा पेटायची.

मी औष्णिक ऊर्जेचा अभियंता. पहिली नऊ वर्षं विदर्भातल्या एका वीजकेंद्रात गेली, नंतरची पंधरा डेन्मार्कमधल्या आलबोर्ग शहरात, घरं तापवणाऱ्या नळांच्या जाळ्यांवर आणि अलीकडे हायड्रोजनच्या साठवणीवर संशोधन करण्यात. उष्णता निर्माण करणं हे आमच्या विद्येचं अर्धं अंग. ती थंडावत जाते तसतसं तिला एकेक काम नेमून देणं हे दुसरं अर्धं, आणि तेच अवघड. आजीच्या स्वयंपाकघरात ही दोन्ही अंगं होती. माझ्या पहिल्या नोकरीत एकच होतं.

त्या केंद्रात २१० मेगावॅटचे संच होते. बॉयलरमधून वाफ निघायची ती साधारण ५४० अंश सेल्सिअसची, वातावरणाच्या दीडशेपट दाबाची. टर्बाइनच्या पात्यांवरून जाताना ती आपला दाब आणि तापमान टप्प्याटप्प्यानं सोडायची आणि अखेर कंडेन्सरमध्ये पोचायची. तिथे दाब वातावरणाच्या दहाव्या हिश्शाइतका, तापमान जेमतेम ४५ अंश. तिथे तिचं पाणी होई, आणि ते होताना उरलेली सगळी उष्णता थंड पाण्याच्या नळ्यांना जाई. ते पाणी कूलिंग टॉवरमध्ये चढायचं आणि त्यातलं थोडं वाफ होऊन आकाशात जायचं. कोळशातल्या उष्णतेचे शंभर भाग मानले तर वीज व्हायची ३५ ते ३७ भागांची, काही भाग धुराड्यातून जायचे, आणि जवळजवळ निम्मे त्या पांढऱ्या ढगाबरोबर निघून जायचे. गावातली माणसं त्या ढगाला धूर म्हणत. ते पाणी होतं.

पाणी होतं म्हणूनच तो ढग मला बोचायचा. परळीचं औष्णिक केंद्र २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तेव्हा ही बाब सगळ्या महाराष्ट्राला दिसली. कोराडीच्या केंद्रासाठी आता नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून वापरलं जातं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण तेव्हा, रात्रपाळीत, माझ्या मनात एवढंच यायचं की ही उष्णता कुणाच्या तरी उपयोगी पडायला हवी.

उत्तर सोपं नाही. ४५ अंशांच्या पाण्यानं करणार काय? विदर्भात मे महिन्यात बाहेरची हवाच त्या पाऱ्याला पोचते. वीज जास्तीत जास्त मिळावी म्हणून टर्बाइन वाफेला पिळून पिळून इतकी थंड करते, की शेवटी प्रमाण प्रचंड उरतं आणि दर्जा काहीच उरत नाही. उष्णतेला कामाला लावायचं तर वाफ थोडी आधी, ती गरम असतानाच काढून घ्यावी लागते. मग वीज थोडी कमी होते. पण सोडलेल्या एका युनिट विजेच्या बदल्यात पाच-सहा युनिट उष्णता हाती येते. आजी तव्याखालचा जाळ थोडा पुढे ढकलायची तो याच हिशेबानं. भाकरीला किंचित उशीर होई, पण आमटी फुकटात शिजे.

हायड्रोजनशी माझी ओळखही तिथलीच. मोठ्या जनरेटरच्या बंद खोळीत हवेऐवजी हायड्रोजन भरलेला असतो. हवेहून चौदापट हलका असल्यानं मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या रोटरला त्याचा अडथळा कमी होतो, आणि उष्णता वाहून नेण्यात तो हवेहून जवळजवळ सातपट सरस. केंद्राच्या आवारातच पाण्याचं विद्युत-विघटन करून तो तयार व्हायचा. हवेत ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळला तरी तो पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. म्हणून जनरेटर उघडण्याआधी हायड्रोजन काढून कार्बन डायऑक्साइड भरायचा, मग तो काढून हवा. हायड्रोजन आणि हवा यांची गाठ पडू द्यायची नाही. हे काम करताना कंट्रोल रूममध्ये कुणी मोठ्यानं बोलत नसे. या वायूचा धाक आधी शिकलो आणि आशा नंतर, हे माझ्या कामासाठी चांगलं झालं.

आलबोर्गला आलो तेव्हा जानेवारी होता. लीमफ्योर्ड खाडीच्या काठी कोळशावर चालणारं नॉर्दयुलंड वीजकेंद्र आहे. १९९८मध्ये सुरू झालेल्या त्याच्या तिसऱ्या संचाची विजेची कार्यक्षमता ४७ टक्के, तेव्हा कोळशाच्या संचांमध्ये जगात सर्वांत जास्त. मला त्या आकड्याचं कौतुक होतंच, पण मी थबकलो तो दुसऱ्या आकड्यापाशी. शहराला उष्णता पुरवताना या संचातून इंधनाचा सुमारे नव्वद टक्के उपयोग होतो. टर्बाइनमधून काढलेल्या वाफेवर पाणी तापतं आणि जमिनीखालच्या नळांतून घराघरांत जातं. त्याच नळांत सिमेंट कारखान्याच्या भट्ट्यांची उरलेली उष्णताही येऊन मिळते. एका शहराएवढा वैल मी पहिल्यांदा पाहत होतो.

हे आपोआप घडलेलं नाही. १९७३च्या तेलसंकटाच्या वेळी डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा तेलातून येत होती, आणि ते तेल बाहेरचं. त्या हिवाळ्यात रविवारी मोटारी चालवायला बंदी होती. १९७९मध्ये तिथल्या संसदेनं उष्णता-पुरवठ्याचा कायदा केला: कुठल्या भागात नळ जातील याचा आराखडा नगरपालिकांनी करायचा, आणि हा पुरवठा नफ्यासाठी करायचा नाही. आज तिथली जवळजवळ दोनतृतीयांश घरं अशा जाळ्याला जोडलेली आहेत. कायदा करणारे आणि चर खणणारे, दोघांचे हात त्याला लागले.

जाळ्याच्या कामात मला सर्वांत आधी शिकवलं गेलं ते परतीचं पाणी वाचायला. घराकडे जाणारं पाणी ८० अंशांचं असेल आणि घरातून परतणारं ४० अंशांचं, तर प्रत्येक लिटरनं ४० अंशांची उष्णता तिथे ठेवली. तेच पाणी ६० अंशांनी परतलं तर निम्मीच ठेवली. म्हणजे तेवढीच ऊब द्यायला दुप्पट पाणी फिरवावं लागतं, आणि दुप्पट पाण्यासाठी पंपाला सुमारे आठपट जोर. शिवाय परतीचं पाणी जितकं गार, तितकी केंद्रातली उरलीसुरली ऊब त्याला टिपता येते. म्हणून अनेक ठिकाणी जो ग्राहक पाणी गार करून पाठवतो त्याला बिलात सूट मिळते आणि गरम परत पाठवणाऱ्याला भुर्दंड. किती घेतलं याइतकंच घेतलेलं पुरतं वापरलं का, हेही इथे मोजलं जातं.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. एका गल्लीचं गणिती प्रारूप मी तयार केलं होतं. त्यानुसार परतीचं पाणी ४२ अंशांचं हवं होतं आणि मोजमाप ५३ दाखवत होतं. मी तापमापकावर संशय घेतला. तो बदलला. नव्यानंही ५३च दाखवले. मग समीकरणं तपासण्यात दोन आठवडे गेले. शेवटी जाळ्यावर आयुष्य काढलेले एक फिटर मला म्हणाले, चला, पाहून येऊ. तळघरांमागून तळघरं आम्ही उतरलो. ते प्रत्येक ठिकाणी यंत्राकडे न बघता आधी नळावर तळवा ठेवत. गल्लीच्या टोकाच्या जुन्या इमारतीत त्यांनी हात झटकन मागे घेतला. उन्हाळ्यात शेवटच्या नळातलं पाणी थंड पडू नये म्हणून तिथे एक आडवाट ठेवलेली असते. तिची झडप कुणीतरी उघडून ठेवली होती आणि ती तशीच राहिली होती. गरम पाणी कुठल्याही खोलीत न जाता तसंच परत फिरत होतं. झडप बंद केली. तिसऱ्या दिवशी पडद्यावर ४३ आले.

माझं समीकरण बरोबर होतं आणि तापमापकही बरोबर होता. चुकत होतो मी, कारण खोलीत बसून मी त्या दोघांचं भांडण लावलं होतं. प्रारूप आणि मोजमाप यांत अंतर पडलं की त्या अंतरात एक खरीखुरी वस्तू बसलेली असते, आणि ती चालत जाऊनच सापडते. हे मी त्या तळघरात शिकलो आणि माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच शिकवायला सुरुवात करतो.

२०१४मध्ये आलबोर्ग विद्यापीठातल्या हेन्रिक लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथ्या पिढीच्या जाळ्याची कल्पना नीट मांडली. पहिल्या पिढीत नळांतून वाफ जायची, दुसरीत शंभर अंशांच्या वरचं दाबाखालचं पाणी, तिसरीत त्याहून थोडं गार. चौथ्या पिढीत जातानाचं पाणी ५० ते ६० अंशांचं आणि परतीचं २५च्या जवळ. पाणी इतकं कोमट चाललं की कितीतरी गोष्टी त्याला ऊब देऊ शकतात. ओडेन्सेमध्ये विदाकेंद्राच्या संगणकांची उष्णता घरांत जाते. वोयेन्समध्ये दोन लाख घनमीटर पाण्याचा झाकलेला तलाव उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यासाठी धरून ठेवतो.

आणि इथेच हायड्रोजन पुन्हा भेटतो. डेन्मार्कच्या विजेतला निम्म्याहून अधिक हिस्सा आता वाऱ्याचा आहे. वारा रात्री सुटतो, कधी आठवडाभर पडतो. म्हणून सुटलेल्या वाऱ्याची वीज साठवावी लागते. १८९१मध्ये आस्कोव गावात पोल ला कूर नावाच्या शिक्षकानं पवनचक्कीच्या विजेनं पाण्याचं विघटन केलं, हायड्रोजन टाकीत साठवला आणि पुढे अनेक वर्षं तिथल्या लोकविद्यालयात त्यावर दिवे जाळले. वाऱ्याचा निखारा राखेत पुरून ठेवणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

पण हा निखारा महाग पडतो. एक किलो हायड्रोजनमध्ये वापरता येण्याजोगी ऊर्जा सुमारे ३३ युनिट. तो करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्याची पुन्हा वीज केली तर घातलेल्यातला तिसरा हिस्सा हाती येतो. म्हणून हायड्रोजन जाळून घरं तापवावीत, असं कुणी म्हटलं की मी ठामपणे नाही म्हणतो. तीच वीज उष्णता-पंपाला दिली तर कितीतरी पट ऊब मिळते. हायड्रोजन ठेवावा तो पोलादासाठी, खतासाठी, जहाजांसाठी आणि वारा पडलेल्या लांब आठवड्यांसाठी. मिठाच्या थरात कोरलेल्या गुहांत तो ऋतूच्या ऋतू राहतो. इंग्लंडमध्ये टीसाइडला १९७२पासून तो असाच साठवला जातो.

माझं आजचं काम या महागड्या निखाऱ्याला वैल जोडायचं आहे. विघटन होताना किलोमागे दहा ते पंधरा युनिट उष्णता सुटते, साधारण ६० ते ८० अंशांना. ती हवेत सोडली तर ते विदर्भातल्या ढगाचंच धाकटं भावंड. जाळ्यात सोडली तर घर तापतं. दक्षिण युलंडमध्ये कासो इथे २०२५मध्ये सुरू झालेला मिथेनॉलचा कारखाना आपली उरलेली उष्णता शेजारच्या ओबेनरो शहराला देतो. तिथे परतीच्या पाण्याचं महत्त्व आणखी वाढतं, कारण ते गार असेल तरच विघटन-यंत्राची ऊब पुरती टिपता येते. गल्लीच्या टोकाची एक झडप हायड्रोजनच्या किमतीपर्यंत जाऊन पोचते.

महाराष्ट्रात घरं तापवायची गरज नाही, हे मला सगळे सांगतात. पण वैल आपल्याला परका नाही. साखर कारखान्यात चिपाडावर वाफ होते, ती आधी टर्बाइन फिरवते आणि मग उसाचा रस उकळते. त्याला सहवीजनिर्मिती म्हणतात, आणि आपल्याकडचे शेकडो लोक ते काम डोळे मिटून करतील इतकं त्यांच्या हातात बसलं आहे. जानेवारी २०२३मध्ये भारतानं हरित हायड्रोजनचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट आहे. माझ्या हिशेबानं एवढ्या हायड्रोजनबरोबर किमान पाच हजार कोटी युनिट कोमट उष्णता सुटेल. तेवढ्यावर डेअऱ्यांचं धुण्याचं पाणी तापेल, कांदा आणि हळद वाळेल, सूत रंगेल. थोडी अधिक गरम मिळाली तर तिच्यावर शीतगृहंही चालतील. मात्र कारखाना कुठे उभा राहतो आणि त्याच्या शेजारी कोण असतं, हे आधी ठरवावं लागेल. चूल बांधून झाल्यावर वैल जोडता येत नाही. माती ओली असतानाच भोक ठेवावं लागतं.

परवा एका तरुण संशोधिकेला घेऊन मी तळघरात उतरलो. जाणाऱ्या नळावर तिनं बोट टेकवलं आणि उचललं. मग मी तिला परतीच्या नळावर तळवा ठेवायला सांगितलं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. म्हणाली, काहीच जाणवत नाही, ना गरम ना गार. यंत्रावर ३४ आकडा होता, आपल्या तळव्याच्या जवळचाच. आजी भांडी घासायला बसताना वैलावरच्या पातेल्याला अशीच हात लावून बघायची आणि मग उठून राख ओढून घ्यायची.