वाढपी

माझ्या पंचाहत्तरीला काय करावे यावर आमच्या घरात जेवढा खल झाला, तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. मुलीला शांत करायची होती, जावयांना हॉल घेऊन चारशे माणसे जेवू घालायची होती, आणि बारा वर्षांच्या नातीला समुद्र हवा होता. माझे म्हणणे असे की, पंचाहत्तर वर्षे विशेष काही न करता निभावली, तर एका दिवसापुरता एवढा खटाटोप कशाला? पण उत्सवमूर्तीला विचारून उत्सव करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. शेवटी नातीचा समुद्र आणि जावयांचे जेवण यांची सांगड बसली. दक्षिण गोव्यात, साळ नदी समुद्राला मिळते त्या बाजूला, एक भले मोठे रिसॉर्ट आहे. तेथे दोन दिवस राहायचे आणि वाढदिवसाच्या रात्री तेथल्या खास उपाहारगृहात जेवायचे असे ठरले.

“बाबा, तिथलं जेवण एकदा जेवायलाच हवं,” जावई म्हणाले. “बक्षिसं मिळाली आहेत त्यांना.”

जेवणाला बक्षीस! आमच्या वेळी जेवणाऱ्यांना बक्षीस मिळे. बासुंदीची अकरावी वाटी रिकामी करणाऱ्या महाभागाला यजमान रुपया देत. जेवण करणाऱ्यालाही ते मिळू शकते, हे मला नवीन होते. मडगावला जाताना गाडीत जावयांनी माझ्या ज्ञानात भर घातली. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंचा टायरचा कारखाना होता. लोकांनी मोटारी लांबलांब हिंडवाव्यात, म्हणजे टायर झिजतील, या सरळ हिशोबाने त्यांनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक काढले. १९२६ पासून त्यात चांगल्या भोजनगृहांच्या नावापुढे तारा छापू लागले, आणि १९३१ पासून एक, दोन, तीन अशी ताऱ्यांची चढती भांजणी सुरू झाली. परीक्षक म्हणे गुपचूप येतो, चारचौघांसारखा जेवतो, बिल भरतो आणि निघून जातो. २००१ साली लंडनमध्ये विनीत भाटिया आणि अतुल कोचर या दोघांना हा तारा मिळाला, तेव्हा भारतीय आचाऱ्यांना तो पहिल्यांदाच मिळत होता. आपण जेथे निघालो आहोत तेथले बक्षीस या ताऱ्यांचे नव्हे, आपल्याकडचे आहे, पण मान मोठाच, असेही त्यांनी सांगितले.

“आणि हा तारा देताना बघतात काय?” मी विचारले.

“फक्त ताटातलं. पदार्थ, त्याची चव, आचाऱ्याचा हात. खुर्च्या, झुंबरं, वाढणारी माणसं यांचे गुण त्यात धरत नाहीत.”

मी “असं का?” म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. कोकणातला ऑक्टोबर होता. भात पिवळे होत आले होते. वाढणारी माणसे धरत नाहीत, हे त्यांचे वाक्य मात्र कुसळासारखे मनाला चिकटून राहिले. त्याचे कारण गाडीतल्या कोणालाही ठाऊक नव्हते. ज्या एका माणसाला ठाऊक होते, ती माझी पत्नी. तिला जाऊन सहा वर्षे झाली.

त्या रात्रीच्या थाटाचे वर्णन करायला माझी लेखणी अपुरी आहे, आणि चष्माही अपुराच पडला. कारण उजेड फार मंद होता. आम्हांला मिळालेल्या यादीत सात फेऱ्या होत्या. आपल्याकडे पान मांडायचे म्हणजे नकाशा काढण्यासारखे असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मधोमध वरणभाताची मूद; सगळे राज्य एका नजरेत दिसते. पूर्वी फ्रान्समध्येही सारे पदार्थ एकदम मेजावर मांडत. एकामागून एक पदार्थ आणायची रीत रशियन. कुराकिन नावाच्या त्यांच्या वकिलाने ती १८१० च्या सुमारास पॅरिसला नेली असे सांगतात. म्हणजे आमचे पान हे चित्र, तर त्यांचे जेवण हे कीर्तन! पुढे काय येणार ते बुवांनाच ठाऊक.

पहिल्या फेरीला ताट आले ते एवढे मोठे की त्यात तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावे, आणि पदार्थ एवढा की त्याच बाळाला त्याची तीट लावावी. शिंपल्यात एक कालव आणि त्यावर कोकमाच्या आगळाचे तीन थेंब. मी मनात हसलो आणि तोंडात घातले, तो हसू तोंडातच राहिले. एवढ्याशा घासात अख्खा समुद्र होता. मग धुरावलेल्या लोण्याबरोबर ऊनऊन पोई आली, मग खतखत्यातल्या भाज्या सोनाराने घडवाव्या तशा चौकोनी कापून आल्या. तेफळाचा वास आला आणि मी साठ वर्षे मागे गेलो. आचारी बक्षिसाच्या लायकीचा होता यात शंका नाही.

पण माझे लक्ष आचाऱ्याकडे नव्हते. ते वाढणाऱ्या मुलाकडे होते.

पंचविशीचा असेल. काळा कोट, छातीवर नावाची पट्टी. प्रत्येक पदार्थ ठेवताना तो इंग्रजीतून त्याची कुळकथा सांगे आणि दोन पावले मागे सरून उभा राही. इतका निश्चल, की तो तेथे आहे हे विसरायला व्हावे. पण त्याची नजर फिरत होती. नातीला कालव आवडले नाही हे आम्हांला कळण्याआधी त्याला कळले, आणि तिच्यापुढे न बोलता आणखी एक पोई आली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपासून माझा उजवा हात कापतो. घरी मी आमटी वाटीने पितो. चारचौघांत मात्र आमटी नकोच म्हणतो. त्या रात्री चौथी फेरी होती खेकड्याच्या साराची. यादीत ते नाव वाचले तेव्हाच माझा जीव अर्धा झाला होता. पसरट बशी, लांब चमचा, पांढरे शुभ्र टेबलक्लॉथ आणि माझा हात! मी हात मांडीवर लपवून बसलो.

सार आले ते कानाच्या पेल्यांत. दोन्ही हातांनी धरावे आणि तोंडाला लावावे. जावई, मुलगी, नात, सर्वांना तसेच पेले. मी सुखाने प्यालो. थेंब सांडला नाही. आणि पेला खाली ठेवता ठेवता माझी नजर शेजारच्या टेबलाकडे गेली. तेथे तेच सार पसरट बशीतून आले होते, आणि माणसे ते चमच्याने पीत होती.

त्याने मला एकट्याला पेला दिला असता, तर तो उपकार झाला असता, आणि सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिले असते. त्याने चौघांना दिला. मी त्याच्याकडे पाहिले. तो भलतीकडेच पाहत होता.

आणि मला एकदम तुपाची धार आठवली.

माझे वडील वयाच्या अठराव्या वर्षी बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गिरगावातल्या एका खानावळीत वाढपी म्हणून राहिले ते अखेरपर्यंत. एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात ओगराळे. दोन ओळींमधून ते असे सरकत की कोणाच्या पानाला धोतर लागायचे नाही. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जाई तेव्हा ते मला सांगत, “पानाकडे बघून वाढायचं नाही. तोंडाकडे बघून वाढायचं. पान रिकामं झालेलं आंधळ्यालाही दिसतं.” कोणाला नोकरी लागली, कोणाला घरून पैसे आले नाहीत, कोणाचे बायकोशी बिनसले, हे त्यांना भाताच्या दुसऱ्या वाढीला कळे.

१९६५ साली आमच्या शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत मला पहिले बक्षीस मिळाले आणि माझ्या वर्गमित्राला दुसरे. त्याचे वडील सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. खूश होऊन ते म्हणाले, “चला, आज दोघांना बाहेर जेवू घालतो.” आणि नेमके त्याच खानावळीत घेऊन गेले. “इथलं जेवण नावाजलेलं आहे,” ते म्हणाले. माझ्या वडिलांची मी त्यांना काय ओळख सांगितली होती ते आता लिहीत नाही. मी पाटावर बसलो तो मान खाली घालूनच.

पावले जवळ आली. थांबली. एक क्षण काहीच झाले नाही. मी मान वर केली नाही, पण त्यांनी माझे तोंड पाहिले असणार. पान पाहून वाढणारा तो माणूसच नव्हता.

“साहेब, भात वाढू?”

मला. सोळा वर्षांच्या पोराला. मित्राच्या वडिलांना ज्या आवाजात विचारले, त्याच आवाजात. मग तूप वाढले. तिघांच्या भातावर सारखी धार. मला एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही. जास्त पडला असता तर त्यांनी विचारले असते. मी पानाकडे पाहत जेवलो. रात्री ते घरी आले, तेव्हा एवढेच म्हणाले, “जेवलास ना पोटभर?” त्यानंतर १९८३ साली ते गेले तोवर त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. अठरा वर्षे हातात होती. रोज उद्यावर टाकले.

पुढे नोकरी लागली, लग्न झाले. कोणी विचारले की मी सांगे, “वडील हॉटेलच्या धंद्यात होते.” हे वाक्य मी इतके घासूनपुसून लख्ख केले होते की त्यात माझे मलाच तोंड दिसू लागले. मुलीने तर त्यावर एक मजलाही चढवला होता. आजोबांची हॉटेलात भागीदारी होती, असे ती सासरी सांगत असे. मी कधी खोडले नाही.

शेवटच्या फेरीला बेबिंका आली, पातळ पातळ थरांची. मुलगा ती ठेवून मागे सरकणार, तोच मी आमच्या बोलीत विचारले, “खंयचो रे तू?”

त्याचा चेहरा क्षणभर पंचवीस वर्षांचा न राहता पाच वर्षांचा झाला. इकडेतिकडे पाहून तो हळूच म्हणाला, “वेंगुर्ल्याचो, आजोबा.”

“घरी कोण कोण?”

“आई, वडील.” मग जरा हसून तो मराठीत म्हणाला, “गावात आईने सांगितलंय, मुलगा मॅनेजर आहे म्हणून. वाढतो म्हटलं की मुलीकडचे लोक परत येत नाहीत.”

जावई हसले, मुलगी हसली. मलाही हसता आले असते. साठ वर्षे असल्या वेळी मी हसतच आलो होतो.

“माझे वडील वाढपी होते,” मी म्हणालो. “गिरगावात. जन्मभर.”

टेबलावर शांतता पसरली. मुलीने चमचा खाली ठेवला. “बाबा, तुम्ही तर...” एवढे म्हणून ती थांबली. जावई माझ्याकडे पाहत राहिले. नातीला मात्र त्यात गप्प बसण्यासारखे काही दिसले नाही. तिने त्या मुलाकडे बोट दाखवून विचारले, “म्हणजे पणजोबा यांच्यासारखे होते?”

“हो,” मी म्हणालो. “असेच. सार पेल्यातून देणारे.”

माझ्या घरच्यांना याचा अर्थ कळला नाही. त्या मुलाला कळला. त्याने मान किंचित लववली आणि नातीच्या पाण्याचा पेला भरला. निघताना दारापाशी भिंतीवर मांडलेली सन्मानचिन्हे जावयांनी मला एकेक करून दाखवली. मी ती सगळी वाचली. सुंदर होती. त्या रात्री समुद्रावर बसून मी तिघांना सगळे सांगितले, तुपाच्या धारेसकट. मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मला आधी सांगायचं होतंत, बाबा.” तिचे खरे होते.

गेल्या दिवाळीची गोष्ट. पाडव्याला सगळे आमच्याकडे जेवायला जमले. नातीने हट्टाने वाढण्याचे काम अंगावर घेतले. मी तिला पणजोबांचा नियम शिकवला होता. तो तिने इतका मनावर घेतला की ओगराळे हातात धरून ती प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून उभी राही. तिची आत्या म्हणाली, “अगं, वाढ की! नजर लागेल मला.” सगळे हसले. हसण्याच्या त्या गडबडीत ती माझ्या पानापाशी आली, वाकली, आणि गंभीर आवाजात म्हणाली,

“साहेब, भात वाढू?”

या वेळी मी मान वर केली.

भात मला हल्ली सोसत नाही. डॉक्टरांनी एकच मूद सांगितली आहे. त्या दिवशी मी दोनदा घेतला.