हवा किती, आवाज किती

सत्तरी उलटल्यावर कॉम्प्रेसर कशाला हवा, असे पुण्याच्या पुतण्याने फोनवर विचारले. उत्तर माझ्या उजव्या हाताच्या बोटांत आहे. संधिवातामुळे हातोडी नीट धरवत नाही. पाट, चौरंग, नातवंडांची खेळणी करणे सोडायचे नसेल तर हवेवर चालणारी पिन मारायची बंदूक हवी, आणि बंदूक आली की कॉम्प्रेसर आलाच.

अडचण भिंतीची आहे. देऊळघाटचे आमचे घर जुने. माझी कामाची खोली आणि शेजारच्या वहिनींची खोली यांत एकच भिंत. वहिनी दोन वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. रात्री डोळा लागत नाही, म्हणून दुपारची झोप हेच त्यांचे औषध. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. तसा घरात आणून कसा चालेल?

त्याच दुकानदाराला विचारले, किती एचपीचा घेऊ? तो म्हणाला, "गुर्जी, एचपी काय विचारता? तुमची बंदूक हवा किती पिते ते सांगा ना!"

मग वही काढली. 24 लीटरच्या टाकीतला दाब 8 बारवरून 6 वर येईपर्यंत 24 गुणिले 2, म्हणजे बाहेरच्या दाबाची 48 लीटर हवा मिळते. एका बारीक पिनेला लीटरभर धरली तरी मोटार सुरू न होता चाळीसेक पिना निघतात. माझे सकाळचे काम तेवढेच! पण मिनिटाला 4 घनफूट हवा लागणारी स्प्रे गन लावली, तर ते झाले सुमारे 113 लीटर. टाकी अर्ध्या मिनिटात रिकामी, आणि मोटार सारखी चालू. म्हणून स्प्रे गन बाद. पॉलिश कापडाच्या बोळ्यानेच करायचे. गरज लहान ठेवली की यंत्र लहान, आणि आवाजही थोडाच वेळ.

आता आवाज. डबीवर 'सायलेंट' लिहिले म्हणून भागत नाही. डेसिबल किती आणि ते किती अंतरावरून मोजले, दोन्ही विचारावे. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते, कानाला साधारण दुप्पट वाटते. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल घटतात. म्हणजे एका मीटरवर 65 असेल तर चार मीटरवर 53. भिंतींच्या मध्ये मात्र एवढे घटत नाही.

आणखी एक. तेल न लागणारा म्हणजे शांत, असे नव्हे. मोटारीचे फेरे विचारा. मिनिटाला 2800 फेऱ्यांपेक्षा 1400 वाली सहसा शांत चालते. दातांच्या दवाखान्यात असतो तो साधारण याच जातीचा.

शेवटी एक एचपीचा, 24 लीटरचा, 1400 फेऱ्यांचा ठरवला. तो खोलीत न ठेवता परसात, सावलीला, जाड रबरावर ठेवायचा. सामाईक भिंतीला टेकवायचा नाही, नाहीतर भिंतच थरथरते. खोक्यात कोंडायचा नाही, मोटार तापते. लांब वायरीपेक्षा हवेची नळी लांब घ्यायची, कारण आमच्याकडे व्होल्टेज आधीच कमी. आणि रोज संध्याकाळी टाकीतले पाणी सोडायचे, नाहीतर आतून गंजते.

पैसे देण्याआधी वहिनींना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमची ठोकठोक आली की बाजूला माणूस आहे असं वाटते. एकदम बंद नका करू. फक्त दुपारी नको."

असो. दुपारी 1 ते 4 यंत्र बंद, हे ठरले. आणि पाचराला, चुकांना लाकडी ठोकणी वापरतोच. ती काही सोडणार नाही.