गाळलेली कोष्टके

दहावीला गणितात मला 150 पैकी 54 गुण मिळाले आणि त्या आकड्याने माझे पुढचे शिक्षण ठरवले. वडिलांचे म्हणणे साधे होते : गणित घेऊन नापास झालास तर शिष्यवृत्ती थांबेल, आणि शिष्यवृत्ती थांबली तर शिक्षणही. मी कला शाखेत गेलो, इतिहासात एम. ए. झालो. इतिहासावर माझे प्रेम आहे. पण त्याची निवड मी प्रेमापोटी केली, असे म्हणणे खरे होणार नाही.

हे मला सतत जाणवे ते बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या 1923 च्या ग्रंथापाशी. विवेचन वाचायचे आणि कोष्टक आले की पान उलटायचे, असे मी वर्षानुवर्षे केले. जयंतीच्या व्याख्यानांत मात्र 'थोर अर्थतज्ज्ञ' हे शब्द माझ्या तोंडी असत.

तीन वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातील दहावीची एक मुलगी तो ग्रंथ चाळत बसली होती. सुमारे 2 शिलिंगांचा रुपया 1893 पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरला, एवढेच मी तिला सांगितले. तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पौंडाचे शिलिंग 20. म्हणजे एका पौंडासाठी पूर्वी 10 रुपये लागत, नंतर 16. "सर, इंग्लंडला द्यायचे पौंड तेवढेच राहिले, तरी इथून दीडपटीहून जास्त रुपये गेले ना?" तो पाठ मी वीस वर्षे शिकवत होतो, दर वेळी 'आर्थिक शोषण' या दोन शब्दांवर थांबून.

पदवीला अर्थशास्त्र आणि त्यासाठी अकरावीपासून गणित, असे तिने ठरवले तेव्हा तिची आई म्हणाली, "सर, गणित कशाला? नापास झाली तर?" प्रश्न माझ्या वडिलांचाच होता, आणि तो खुळा नव्हता. मी त्यांना सांगितले, की कला शाखेतही गणित घेता येते. बोर्डाची प्रश्नपत्रिका विज्ञान शाखेचीच असते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला बारावीचे गणित लागतेच. संख्याशास्त्राचे तर त्यावाचून पान हलत नाही. अकरावीत सोडलेला विषय पुढे परत हाती येणे कठीण. मला सोळाव्या वर्षी हे कोणी सांगितले नव्हते. त्या माऊली बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शिकवणी लावावी लागेल का?"

ती आता अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या चाचणीत गणितात तिला कमी गुण पडले, हेही सांगितले पाहिजे. मी पेन्सिल घेऊन गाळलेली कोष्टके वाचतो आहे. अडलो, की रविवारी तिला फोन करतो.