औषध लागू पडतानाचे दुखणे

रोग हटावा म्हणून औषध घ्यावे आणि औषध सुरू होताच दुखणे बळावावे, असा अनुभव गाऊटच्या रुग्णांना पुष्कळदा येतो. नेमक्या याच वेळी अनेक जण औषध सोडून देतात. अक्कलकोटमधील एका किराणा व्यापाऱ्यांच्या बाबतीत हेच घडले. वय ६२. घरात आणि पेठेत सर्व जण त्यांना अण्णा म्हणतात.

अण्णांच्या उजव्या पायाचा अंगठा चार वर्षांपासून अधूनमधून रात्री एकाएकी सुजे, लालबुंद होई. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नसे. आठ-दहा दिवसांत ते आपोआप ओसरे. “मद्य-मांसाला आपल्या घरात कधी थारा नाही, मग हा रोग आपल्याला कसा होईल?” असे अण्णा म्हणत. हा समज जुना आहे. चरकसंहितेत वातरक्त या व्याधीचे एक नाव ‘आढ्यवात’, म्हणजे धनवानांचा वात, असे दिले आहे. परंतु युरिक अ‍ॅसिड शरीर स्वतःही तयार करते, आणि बहुतेक रुग्णांत मूत्रपिंडांकडून त्याचा निचरा कमी होतो म्हणून ते साठते. आनुवंशिकता, वाढलेले वजन, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि गोड शीतपेये यांचाही त्यात वाटा असतो. अमेरिकेतील ४७ हजारांहून अधिक पुरुषांची बारा वर्षे पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस व मासे अधिक खाणाऱ्यांत गाऊट अधिक आढळला. डाळी व भाज्यांचा तसा संबंध दिसला नाही. तेव्हा ताटातल्या आमटीला दोष देण्याचे कारण नाही.

सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा युरिक अ‍ॅसिड ९.२ निघाले. हे प्रमाण ६.८ च्या वर राहिले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू लागतात. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या: युरिक अ‍ॅसिड कमी करणारी अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम आणि सोबत कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम. पहिली अण्णांनी नियमाने घेतली. दुसरी मात्र डबीतच राहिली. दुखत नसताना दुखण्याची गोळी कशाला, हा त्यांचा सरळ हिशेब होता. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्यासह घोटाही सुजला. औषध बाधले, असे ठरवून अण्णांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. दशलक्षण पर्व आठ दिवसांवर आले होते, आणि त्यातील उपवास अण्णांनी तीस वर्षांत कधी चुकवले नव्हते.

मुलाने त्यांना पुन्हा सोलापूरला नेले. डॉक्टरांनी समजावले ते असे: विहिरीचा गाळ उपसताना पाणी आधी गढूळ होते, म्हणून कोणी उपसा थांबवत नाही. रक्तातील युरिक अ‍ॅसिड उतरू लागले की सांध्यांत वर्षानुवर्षे साचलेले स्फटिक विरघळून सुटे होतात. शरीरातील संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सूज येते. म्हणून मुख्य औषध थोड्या मात्रेने सुरू करतात, दर काही आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा वाढवतात आणि प्रमाण ६ च्या खाली आणून तेथेच राखतात. या काळात सूज आवरण्यासाठी कोल्चिसिन सोबत असते. ही सोबत साधारणतः तीन ते सहा महिने हवी, असे अमेरिकन कॉलेज ऑफ र‍्हुमॅटॉलॉजीची २०२० ची मार्गदर्शक सूत्रे सांगतात. मध्येच सांधा सुजला तरी मुख्य गोळी चालू ठेवावी आणि सुजेवर वेगळा उपचार घ्यावा.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अ‍ॅलोप्युरिनॉल घेताना अंगावर पुरळ उठले, ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर गोळी त्वरित थांबवून डॉक्टरांना गाठावे. कोल्चिसिनही जपून घेण्याचे औषध आहे. मूत्रपिंड दुर्बल असेल तर मात्रा कमी लागते. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही प्रतिजैविकांसोबत ते घातक ठरू शकते. जुलाब लागले तर डॉक्टरांना कळवावे. आपल्याकडे रानात उगवणाऱ्या कळलावीतही हेच द्रव्य असते आणि तिचा कंद जीवघेणा आहे. म्हणून या बाबतीत घरगुती प्रयोग करू नयेत.

उरला प्रश्न उपवासांचा. निराहारात शरीर चरबी जाळते, तेव्हा मूत्रपिंडे युरिक अ‍ॅसिड कमी बाहेर टाकतात. त्यात पाणी कमी पडले तर सूज उसळण्याचा संभव वाढतो. अण्णांना हे पटले, पण मन मानेना. अखेर त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, “यंदा एकाशन करा. नेम मोडत नाही, आणि पुढच्या वर्षी मंदिराच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढाल.” दोन्ही गोळ्या दिवसाच्या जेवणानंतर घेता येत होत्या, म्हणून रात्रीचा त्यागही अबाधित राहिला. पर्वात पाण्याची मोकळीक ठेवून सूर्यास्तापूर्वी दिवसभर ते पुरेसे प्यावे, एवढे डॉक्टरांनी सांगितले.

दुसऱ्या महिन्यात अंगठा एकदा किंचित ठणकला. बर्फाने शेकून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन दिवसांत तो निवला. मुख्य गोळी एक दिवसही चुकली नाही. आठ महिन्यांनी युरिक अ‍ॅसिड ५.४ वर आले आणि कोल्चिसिन थांबले. अ‍ॅलोप्युरिनॉल चालूच आहे, कारण ते सोडले तर स्फटिक पुन्हा साचू लागतात.

ज्या घरी हे औषध सुरू होणार असेल, तेथे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: सोबतची गोळी किती महिने घ्यायची, मध्येच सांधा सुजला तर काय करायचे, आणि उपवासाच्या दिवसांत कसे वागायचे. ही उत्तरे रुग्णाबरोबरच गोळ्या हाती देणाऱ्या माणसालाही ठाऊक असावीत. दुखणे वाढते तेव्हा धीर सुटू न देण्याचे काम बहुधा त्याच माणसाकडे येते.