मुक्कामाचा मालक

शिडाचे फोटो सगळेच काढतात. भूमध्य समुद्रात शिडाच्या बोटीने फिरून आलेल्या कुठल्याही कुटुंबाचा अल्बम उघडा: फुगलेलं शीड, निळं पाणी, गॉगल लावून सुकाणूवर उभे असलेले दाजी. नांगर त्यात चुकूनही सापडणार नाही. तो बिचारा नाळेवर लोंबत असतो, फाळाला कालच्या बंदराचा चिखल तसाच वाळलेला. वजन 20 किलोच्या आसपास, बोलणं शून्य. पण बोटीवरच्या आठ जणांना रात्री झोप लागणार की नाही, हे ठरवतो तो.

त्याची-आमची गाठ पडली ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात. लेफ्कादाहून 40 फुटी बोट भाड्याने घेतली होती. परवाना दाजींकडे, मतं सगळ्यांकडे. उन्हाळ्यात तिथला वारा साहेबी वेळा पाळतो. सकाळी पत्ता नाही, दुपारी वायव्येकडून कामावर हजर, संध्याकाळी गुडूप. म्हणून उन्हं कलली की सगळ्या बोटी एकदमच बंदरात शिरतात आणि याचा दरबार भरतो.

भूमध्यात भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी नावापुरतीच. पाण्याची पातळी धक्क्यापाशी जवळजवळ तीच राहते, त्यामुळे तिथली रीत अशी, की लांबवर नांगर सोडायचा, बोट उलटी नेत पिछाडी धक्क्याकडे करायची, दोन दोर बांधायचे आणि फळी टाकून उतरायचं. बोटी इतक्या खेटून उभ्या राहतात, की शेजारच्यांच्या ताटात काय वाढलंय तेही कळतं. पण पुढच्या बाजूने बोट धरून ठेवायला हा एकटाच. याने हात सोडला, की पिछाडी धक्क्यावर आपटलीच.

स्वभाव सरळ आहे त्याचा. आडवं ओढलं तर रुततो, उभं ओढलं तर सुटतो. म्हणून साखळी खोलीच्या चौपट-पाचपट तरी सोडावी लागते. 10 मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या वर भरते; 50 मीटर सोडली, की शंभरावर किलो लोखंड तळाशी लोळतं आणि बोटीची ओढ त्याच्यापर्यंत आडवीच पोचते. साखळीत कंजुषी करणाऱ्याला तो रात्री दोन वाजता उठवतो.

तो रुतला की नाही, ते बघायची पद्धत मला फार आवडली. दाजी इंजिन रिव्हर्समध्ये टाकत आणि नाळेवर ताई अनवाणी पाय साखळीवर ठेवून उभी राही. साखळी थरथरली, म्हणजे नांगर तळावरून फरफटतोय. ताठ आणि गप्प राहिली, म्हणजे बसला. मागून दाजींचं ‘काय झालं? काय झालं?’ चालू. ताई उत्तर द्यायची नाही, नुसता हात वर करायची. संसारात इतका कमी बोलून झालेला कारभार मी दुसरा पाहिलेला नाही.

घराणं जुनं. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातलं बुडालेलं जहाज सापडलं. त्यावर 24 दगडी नांगर होते. आपल्या विजयदुर्गाच्या समुद्रातही भोकं पाडलेले दगडी नांगर मिळालेत. आमच्या नांगराचा आकार मात्र शेतातल्या फाळाचा. या धर्तीचा गाजलेला नांगर 1933 साली जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने तयार केला. द्रवांच्या गतीचं गणित मांडणारा हा मोठा माणूस शिडाच्या बोटींचा शौकीन होता.

दुर्गुण एकच, आणि त्यात दोष सोडणाऱ्याचा. तळाशी पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची कुरणं असतात. त्यात हा नीट रुतत नाही, आणि निघताना मुळांसकट गवत उपटून आणतो. ते पुन्हा वाढायला कितीतरी वर्षं लागतात. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी 2018 मध्ये या गवतावर नांगर टाकायला बंदीच घातली. उत्तम केलं. पाणी इतकं नितळ असतं, की वाळूचा फिका पट्टा वरून दिसतो. तेवढं बघायचे कष्ट घ्यायला काय जातं?

केफालोनिया बेटावरच्या फिस्कार्दोला सकाळी साखळी ओढायला घेतली, तर साखळी ओढणारं यंत्र, म्हणजे विंडलस, कण्हायला लागलं. वर आला तो नांगर, आणि त्याच्या फाळावर शेजारच्या बोटीची साखळी. शेजारचे इटालियन आजोबा कॉफीचा कप घेऊन शांतपणे बघत होते. त्यांना हे रोजचं असावं. ताईने त्यांच्या साखळीखालून दोर घातला, दोन्ही टोकं बोटीला बांधली. मग आमचा नांगर थोडा खाली सोडला, तो मोकळा झाला, दोराचं एक टोक सोडताच त्यांची साखळी सळसळत पाण्यात गेली. आजोबांनी कप उंचावला.

दाजी खूश. ‘बघितलंस? एवढा वारा सुटला रात्री, तसूभर हलला नाही आपला नांगर!’

‘कसा हलेल?’ ताई म्हणाली. ‘त्यांच्या जिवावर उभे होतो आपण.’