उन्हाळा आणि एसीचा श्वास

चैत्र सरूं लागला कीं बाळकुमची हवा नुसती तापत नाहीं. खाडीच्या दमटपणामुळें घाम वाळत नाहीं आणि देह निवत नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथील महाराष्ट्र भूषण सोहळ्यांत उष्माघातानें गेलेले जीव आठवले म्हणजे, वृद्ध माणसें असलेल्या घरांत एसीला चैन म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं.

मात्र हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. खोलींतील उष्णता उचलून बाहेर टाकतें, इतकेंच. तेव्हां त्याचा श्वास दोन्हीं बाजूंनीं मोकळा हवा. आंतील जाळी पंधरवड्यानें धुऊन, वाळवून बसवावी. बाहेरच्या पेटीपुढें कुंड्या वा अडगळ रचूं नये; तिच्यावरील धूळ उन्हाळ्यापूर्वींच कारागिराकडून काढवावी. आकडा १८ वर नेल्यानें खोली लवकर निवते हा भ्रम आहे. वाढतें तें बिल. २४ अंश आणि मंद पंखा पुरेसा होतो.

शिवाय आपण बाहेर टाकलेली उष्णता शेजाऱ्याच्याच खिडकीशीं जाते. म्हणून आमच्या घरीं दुपारीं एकच खोली थंड करून आजीपासून नातवंडांपर्यंत सारीं तींतच विसावतों. दाटी होते खरी. पण ती सोसवते.